हाताला गाठ लागली, आता पुढे काय?

मागच्या अंकात स्तनांच्या तक्रारींबद्दल प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज असं सगळं आलंय. बऱ्याच जणींनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून कुणाचंच छापलेलं नाही, फक्त वय आणि ठिकाण ठेवलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न (वय ४६, धाराशिव जिल्हा): डॉक्टर ताई, आंघोळ करताना डाव्या बाजूला काखेकडे गाठ लागते, सुपारीएवढी असेल. दोन महिने झाले, दुखत अजिबात नाही. सासूबाई म्हणतात दुखत नाही तर काही नसतं, पाळी जायच्या वयात असं होतं. वैशाखात मुलीचं लग्न आहे, सगळी धावपळ माझ्यावरच आहे, ते पार पडलं की दाखवते. चालेल ना?

नाही चालणार ताई. याच आठवड्यात दाखवा.

दुखत नाही म्हणजे काही नाही, हा समज घरोघरी आहे आणि त्यानेच सगळ्यात जास्त घात होतो, कारण स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. आणि जी दुखते, पाळीच्या आधी फुगते, पाळी आली की कमी होते, ती बऱ्याचदा साधी असते. म्हणजे सासूबाई अगदी प्रेमाने सांगतायत पण हिशोब उलटा आहे.

आता घाबरून जाऊ नका, कारण ज्या गाठी घेऊन बायका आमच्याकडे येतात त्यातल्या बहुतेक साध्याच निघतात, पाण्याची गाठ असते, चरबीची असते. पण ४६ व्या वर्षी नवीन आलेली, दोन महिने एकाच जागी असलेली गाठ साधी आहे का नाही हे हात लावून ना तुम्हाला सांगता येईल ना मला, आणि मी हे रोज करते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. एक, डॉक्टरांनी दोन्ही बाजू आणि दोन्ही काखा हाताने तपासणं. दुसरं, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी. तिसरं, गाठ संशयाची वाटली तर सुईने तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी. तिन्हीचं उत्तर एकमेकांशी जुळलं की मगच मी पेशंटला 'जा घरी निवांत' म्हणते.

तुम्हाला बार्शी जवळ पडेल, तिथे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. नाहीतर आधी जिल्हा रुग्णालयात दाखवा. जाताना रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, कारण पुढे काही निघालंच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन बसतं, योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं तिथे विचारायचं. सुरुवातीच्या तपासण्यांचे पैसे योजनेत धरतात का तेही त्यालाच आधी विचारून घ्या.

आणि लग्नाचं. लग्नाची तारीख हलवायला मी सांगतच नाहीये. तपासण्यांना एक-दोन चकरा, तुकड्याचा रिपोर्ट यायला साधारण आठवडाभर. साधी निघाली तर बस्ता बांधायला हलक्या मनाने जाल. नसेल तर वैशाखापर्यंत उपचार सुरू झालेले असतील आणि मांडवात तुम्ही असालच. पेरणी होऊ दे, सुगी होऊ दे, पोरांची परीक्षा होऊ दे, दिवाळी होऊ दे असं करत बायका अंगावर काढतात आणि गाठ थांबत नाही, हे बघून बघून फार वाईट वाटतं. तुमच्या मुलीला हे पत्र दाखवा, तीच तुम्हाला घेऊन जाईल.

प्रश्न (वय २३, पुणे): मला उजव्या बाजूला गोल गाठ लागली, दाबली की इकडे तिकडे सरकते. सोनोग्राफीत फायब्रोॲडेनोमा आणि बायरॅड्स २ आलंय, साइज १.६ सेंमी. डॉक्टर म्हणाले काही करायची गरज नाही पण आई म्हणते आत्ताच काढून टाक, उद्या लग्न जमवताना प्रॉब्लेम नको. मी रोज रात्री गूगल करत बसते आणि झोप लागत नाही.

अगं आधी ते गूगल बंद कर. पंधरा ते तिशीच्या मुलींमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी गाठ म्हणजे हीच. टणक, गुळगुळीत, बोटाखालून सटकणारी. ती कॅन्सर नाही आणि साध्या फायब्रोॲडेनोमाचा पुढे कॅन्सर होत बसत नाही. बायरॅड्स म्हणजे गाठ किती संशयाची आहे ते सांगणारा रिपोर्टमधला आकडा, आणि २ म्हणजे रेडिओलॉजिस्टने स्पष्ट लिहून दिलंय की ही साधी आहे.

काढायची कधी, तर भराभर वाढायला लागली, तीनेक सेंटिमीटरच्या पुढे गेली, दुखून त्रास द्यायला लागली, किंवा रिपोर्टमध्ये काही शंका असेल तर. भराभर वाढणाऱ्या गाठीत फायलोड्स म्हणून एक वेगळा प्रकार असतो, तो वेगळ्या पद्धतीने काढावा लागतो, म्हणून वाढीवर लक्ष ठेवायचं. तुझ्या डॉक्टरांनी पुढची सोनोग्राफी कधी करायची ते सांगितलं असेल तर ती चुकवू नकोस, नसेल सांगितलं तर विचार.

आईला सांग की लग्नाशी, पुढे बाळाला दूध पाजण्याशी याचा काही संबंध नाही, उलट गरज नसताना काढलं तर व्रण मात्र राहील. आईला पाहिजे तर पुढच्या व्हिजिटला बरोबर ने, त्यांच्या शंका डॉक्टरांसमोरच निघू देत, तुला मध्ये अडकायची गरज नाही.

प्रश्न (पत्नीचं वय ४८, जळगाव): मिसेसच्या मॅमोग्राफीत बायरॅड्स ४ आलंय. एक डॉक्टर म्हणतात बायोप्सी करा, दुसरे म्हणतात बायोप्सीच्या भानगडीत न पडता डायरेक्ट गाठ काढून टाकू. घरातले मोठे म्हणतात सुई लावली की तो पसरतो, आमच्या भावकीत एकीचं तसंच झालं. एक जण लेप देतो त्याने गाठ विरघळते म्हणतात. मी काय करू?

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण बायकोच्या अशा दुखण्यात नवरा ठामपणे बरोबर उभा राहिला की अर्धं काम तिथेच होतं.

सुईने कॅन्सर पसरत नाही. हा समज कसा पसरला असेल ते मला कळतं. आपल्याकडे बऱ्याच बायका दाखवायलाच उशिरा येतात, तोवर आजार आधीच काखेत किंवा पुढे गेलेला असतो, मग बायोप्सी होते, दोन-तीन महिन्यांत तब्येत ढासळते आणि सगळं खापर सुईवर फुटतं. भावकीतल्या त्या ताईंचं नेमकं काय झालं मला माहीत नाही, पण सुईमुळे झालं असं धरून चालू नका.

बायोप्सी म्हणजे काय होतं ते सांगते म्हणजे मिसेसनाही सांगता येईल. त्यांना टेबलावर झोपवतील, सोनोग्राफीच्या मशीनवर गाठ बघत बघत आधी भुलीचं इंजेक्शन देतील, ते जरा चुरचुरतं. मग एक जाडसर सुई, ती सोडली की स्टेपलर मारल्यासारखा टक आवाज होतो, पेशंट दुखण्यापेक्षा त्या आवाजालाच दचकतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. चार-पाच वेळा टक, प्रत्येक वेळी दीड-दोन सेंटिमीटरचा अगदी बारीक तुकडा. मग थोडा वेळ दाबून धरायचं, पट्टी, चहा पिऊन घरी. दोन-चार दिवस निळं-काळं दिसतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायच्या. ते तुकडे खराब होऊ नयेत म्हणून फॉर्मॅलिन या द्रवाच्या बाटलीत घालून देतात, आणि लॅबला नेऊन द्यायचं काम बऱ्याचदा नातेवाईकांकडे येतं, तेव्हा बाटलीवर नाव, वय, डावं की उजवं हे सगळं लिहिलंय ना ते तिथेच बघून घ्या. घरी ठेवून उद्या बघू असं करू नका.

आता डायरेक्ट काढण्याबद्दल. बायरॅड्स ४ म्हणजे कॅन्सर आहेच असं नाही, त्यात २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत शक्यता येते, म्हणून ४ए, ४बी, ४सी असं लिहिलेलं असतं, रिपोर्टमध्ये बघा. साधी निघाली तर कदाचित ऑपरेशन लागणारच नाही. आणि कॅन्सर निघाला तर ते ऑपरेशन नुसतं गाठ उपटायचं नसतं, बाजूला किती भाग घ्यायचा, काखेतल्या ग्रंथी कशा तपासायच्या, आधी किमो देऊन गाठ लहान करायची का, हे सगळं आधी ठरवावं लागतं आणि ते ठरतं बायोप्सीच्या रिपोर्टवर, त्यातल्या ईआर, पीआर (गाठ हॉर्मोनवर वाढते का) आणि हर-२ (या नावाचं प्रथिन गाठीत जास्त आहे का) या तपासण्यांवर. आधीच अर्धवट काढून ठेवली की पुढच्या सर्जनचं काम अवघड होतं आणि पेशंटला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. आम्हाला असे पेशंट वरचेवर बघावे लागतात, आणि ते टाळता येण्यासारखं असतं म्हणून जीव तुटतो.

अजून एक, मिसेसच्या मनात 'सगळं काढून टाकतील' ही भीती असणार, ती त्या बोलून दाखवणार नाहीत. लवकर सापडलेल्या आजारात बऱ्याच जणींचा स्तन वाचवून ऑपरेशन करता येतं, वर रेडिएशन देतात. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी या सर्जननी बायकांना २० वर्षं फॉलो केलं, २००२ साली दोन्ही निकाल छापून आले, स्तन पूर्ण काढलेल्या आणि वाचवलेल्या बायकांच्या आयुष्यमानात फरक नव्हता.

लेपाचं म्हणाल तर त्याने गाठ विरघळत नाही, वरची कातडी मात्र भाजते, फुटते आणि जखम होते. तेवढे दिवस वाया. लेपवाल्याला सरळ नाही म्हणा.

प्रश्न (वय ३१, कोल्हापूर): बाळ पाच महिन्यांचं आहे. उजवी बाजू लाल, गरम, जड झालीये, दूध साकळलंय म्हणून सगळे सांगतात. शेकलं, कोबीची पानं बांधली, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, तीन आठवड्यांत काडीचा फरक नाही. अजून किती वाट बघू?

बिलकुल नाही, उद्याच सर्जनला दाखवा. दूध पाजणाऱ्या आईत लाल होणं, ताप येणं हे बहुतेक वेळा इन्फेक्शनच असतं आणि अँटिबायोटिकने दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो. नाही पडला तर आत पू धरलेला असतो, तो सोनोग्राफीत दिसतो आणि सुईने काढता येतो. पण क्वचित इन्फ्लमेटरी म्हणून एक कॅन्सरचा प्रकार अगदी असाच दिसतो, गाठ हाताला लागतच नाही, कातडी लाल आणि संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळ्यांची होते, आणि तो फार झपाट्याने वाढतो. म्हणून तीन आठवडे फरक नाही याला दुधाचं कारण देऊन थांबायचं नाही. सोनोग्राफी, गरज पडली तर मॅमोग्राफी आणि कातडीसकट बायोप्सी हे सगळं दूध पाजताना करता येतं. मॅमोग्राफी करायची असेल तर बाळाला पाजून मग जा. पाजणं बंद करायचं का हे तपासल्यावर डॉक्टर सांगतील, तुम्ही स्वतःहून एकदम तोडू नका.

कोबीच्या पानांनी नुकसान काही झालेलं नाही. काळजी करू नका, पण उद्या जा.

प्रश्न (वय ५१, ठाणे): गाठ हाताला लागते पण मॅमोग्राफी नॉर्मल आली. सुटले ना?

अजून नाही. मॅमोग्राफीत काही गाठी दिसत नाहीत, विशेषतः ज्यांचा स्तन दाट असतो त्यांच्यात दाट भागही पांढरा आणि गाठही पांढरी, असं पांढऱ्यावर पांढरं दिसतं आणि गाठ लपते. हाताला गाठ लागत असेल तर नुसत्या नॉर्मल मॅमोग्राफीवर थांबायचं नसतं, त्याच जागेची सोनोग्राफी करून घ्या, गाठ कुठे लागते ते सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना स्वतः बोट ठेवून दाखवा, लाजू नका. त्यातूनही उत्तर मिळालं नाही तर सुई.

प्रश्न (वय ३८, नाशिक): पाळीच्या आधी आठ-दहा दिवस दोन्ही बाजू इतक्या दुखतात की मुलगा मिठी मारायला आला तरी नको वाटतं. आणि दर महिन्याला स्वतः तपासा म्हणतात ते मी नेहमी विसरते, त्याचं फार टेन्शन येतं.

दोन्ही बाजूंनी, पाळीच्या आधी, पाळी आली की कमी, हे हॉर्मोनचं दुखणं आहे, कॅन्सरचं नाही. बरोबर मापाची, नीट आधार देणारी ब्रा घाला, रात्रीही घातली तरी चालते, तिने कॅन्सर होतो वगैरे सगळं खोटं आहे. फारच त्रास असेल तर लावायची जेल असते, डॉक्टरांना विचारून घ्या. एकाच बाजूला, एकाच ठिकाणी, महिनाभर सतत दुखत असेल तर मात्र दाखवा.

तपासायचं टेन्शन सोडा. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला, अर्ध्या जणींना दर महिन्याला स्वतः तपासायला नीट शिकवलं, २००२ साली निकाल आला तेव्हा मृत्यू काही कमी झालेले नव्हते, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून आता आम्ही तारीख-वार लावून तपासा असं सांगत नाही, आपलं नेहमीचं शरीर ओळखीचं ठेवा एवढंच सांगतो. कपडे बदलताना आरशात नजर टाकायची, साबण लावताना हात फिरवायचा, काही बदललंय वाटलं तर दाखवायचं.

आपल्या मुंबईतलं काम मात्र फार मोलाचं आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला, ३५ ते ६४ वयाच्या. अर्ध्या जणींना शिकवलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या, मशीन काही नाही. २० वर्षांचा निकाल २०२१ साली छापला, त्यात पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्या बायकांची अशी तपासणी होते, त्यात बीपी-शुगरबरोबर हेही करून घ्या, सिस्टरनी विचारलं नाही तर तुम्ही विचारा.

प्रश्न (आईचं वय ६८, रत्नागिरी जिल्हा): आई गावी, मी नवी मुंबईत. गणपतीला गेले तेव्हा तिच्या ब्लाउजला आतून रक्ताचा डाग दिसला. खूप खोदून विचारलं तेव्हा म्हणाली की निपल आत ओढलं गेलंय, चार-पाच महिने झाले. पुरुष डॉक्टरला दाखवणार नाही म्हणते, आणि या वयात काय करायचंय म्हणते.

तुमच्या आईसारख्या बायकांसाठीच मी हे सदर लिहिते. एका बाजूने, आपोआप, रक्ताचा किंवा अगदी पाण्यासारखा स्राव, आणि आधी सरळ असलेलं निपल नव्याने आत जाणं, ही दोन्ही लक्षणं या वयात दुर्लक्ष करण्यासारखी नाहीतच. कधी कधी नळीतल्या छोट्या साध्या वाढीमुळेही रक्त येतं, पण दोन्ही एकत्र आहेत म्हणजे पूर्ण तपासणी व्हायलाच पाहिजे. निपलवर इसबासारखी खपली धरली असेल आणि मलमाने जात नसेल तर तेही सांगा.

फोनवर पटवू नका. स्वतः जाऊन घेऊन या, 'तुझी शुगर-बीपी आणि सगळं चेकअप करायचंय' असं म्हणून आणलं तरी चालेल पण दवाखान्याच्या दारात खरं सांगा, फसवून तपासायला लावलं तर ती पुन्हा कधी येणार नाही. लेडी डॉक्टरची अपॉइंटमेंट आधी घ्या. नसतील तर पुरुष डॉक्टर तपासताना सिस्टर किंवा तुम्ही शेजारी असणं हा तिचा हक्क आहे, तसं आधीच सांगून ठेवा, चांगले डॉक्टर स्वतःच बोलावतात. मॅमोग्राफी करणारी बाई असते का तेही फोन करून विचारा, बऱ्याच सेंटरला असते. त्या दिवशी पावडर, डिओ लावू नका, फिल्मवर ठिपके दिसतात.

वयाचं म्हणाल तर अडुसष्ट म्हणजे काही वय नाही. या वयातले बरेच आजार हॉर्मोनवर वाढणारे असतात आणि त्यावर रोजची एक गोळी चांगलं काम करते, प्रत्येकीला किमो लागतेच असं नाही. हे तिला सांगा, कारण 'काय करायचंय' म्हणते तेव्हा बऱ्याचदा आतून किमोची आणि तुमच्या खर्चाची भीती असते.

प्रश्न (पुरुष, वय ६०, नागपूर): माझ्या निपलखाली कडक गाठ आहे. हा अंक मिसेसचा, मी चोरून वाचतो. पुरुषांना होतो का?

होतो, स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर पेशंटमध्ये साधारण एक पुरुष असतो. काही औषधांनी, लिव्हरच्या त्रासाने पुरुषांची छाती नुसती वाढतेही, ती साधी असते. पण एका बाजूची कडक गाठ तपासायची, अगदी वरच्या ताईंसारखीच. घरात आई, बहीण, मुलगी कुणाला स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, या दोन्ही कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जीनमधला दोष वडिलांकडूनही येतो आणि पुरुषांतही असतो. अंक उघडपणे वाचा, मिसेसना सांगा आणि दोघं मिळून जा.

प्रश्न (वय ४२, सांगली): दीड वर्षापूर्वी गावातल्या दवाखान्यात भूल देऊन माझी गाठ काढली. डॉक्टर म्हणाले चरबीची होती, फेकून दिली. कुठला रिपोर्ट नाही. आता त्याच जागी परत कडक लागतंय.

काढलेली प्रत्येक गाठ पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे, चरबीची दिसली तरी. तुमचा यात काही दोष नाही, पण आता नव्याने सुरुवात करायची. ती जुन्या टाक्यांची कडक जागाही असू शकते, पण ते सोनोग्राफी-मॅमोग्राफी आणि सुईच सांगेल. जाताना त्या ऑपरेशनचा जो कागद असेल तो न्या, डिस्चार्ज कार्ड, औषधाची चिठ्ठी, काहीही, आणि कोणत्या तारखेला कुठल्या बाजूला काय केलं ते एका कागदावर लिहून न्या.

आणि आता तुकडा काढतील तेव्हा रिपोर्टबरोबर स्लाइड (तपासणीची काचपट्टी) आणि ब्लॉक कुठे ठेवलेत ते लॅबला विचारून ठेवा. मेणात बसवलेला तो छोटा ब्लॉक म्हणजे तुमच्या गाठीचा तुकडाच असतो, पुढे मुंबईला टाटात किंवा दुसरीकडे दाखवायची वेळ आली तर तिथे तोच आधी मागतात, आणि तो लॅबकडून मागून घ्यायचा पेशंटला अधिकार असतो.